रिमोटचं सेंट्रल लॉक बिघडलंय? डोअर पॅड काढण्याआधी नीट ऐका

गाडीला बाहेरून बसवलेलं, म्हणजे कंपनीने न दिलेलं, कीलेस सेंट्रल लॉक रुसलं की पहिला संशय रिमोटवर जातो आणि दुसरा डॅशबोर्डखालच्या कंट्रोल बॉक्सवर. दोघंही बहुतेक वेळा निर्दोष असतात. खरा दोष सापडतो तो दाराच्या बिजागरीजवळ वाकून वाकून तुटलेल्या वायरीत, रंगावरच कसलेल्या अर्थच्या (प्रवाह पत्र्यातून परत नेणाऱ्या जोडणीच्या) स्क्रूखाली, नाहीतर मोटर आणि लॉक यांना जोडणारा रॉड धरणाऱ्या सैल क्लॅम्पमध्ये. अशा वेळी नवं किट (बॉक्स, मोटर आणि रिमोटचा संच) आणून जुन्याच वायरिंगला जोडलं, तर चार दिवसांनी तेही तसंच वागतं आणि नाव मात्र किटचं खराब होतं.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. चाचणी चालू असताना गाडी आपोआप लॉक होऊन किल्ली आत अडकणं हा या कामातला सगळ्यात जुना विनोद आहे. दुसरं म्हणजे इग्निशन बंद ठेवा. अनेक बॉक्स इग्निशन चालू असताना रिमोट मुद्दामच दुर्लक्षित करतात, आणि हा 'दोष' शोधण्यात तास जातो.

आता रिमोट कुणाला तरी दाबायला सांगा आणि तुम्ही गाडीत बसून ऐका. चार गोष्टी टिपायच्या: बॉक्समधल्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) टिक, इंडिकेटरची लुकलुक, प्रत्येक दारातला 'ठक्' असा आवाज आणि दाराचा नॉब खरोखर हलला का. या चारांच्या जोडण्यांवरून अर्धं निदान होतं. टिक आली, इंडिकेटर लुकलुकले, पण एकाही दारात आवाज नाही, तर रिमोट आणि रिसीव्हर ठणठणीत आहेत. दारातल्या लॉकच्या मोटरना जाणारा पुरवठा तुटलाय. बऱ्याच किटमध्ये बॉक्सच्या मेंदूला वेगळा फ्यूज आणि लॉकच्या रिलेंना वेगळा फ्यूज असतो, आणि दुसरा फ्यूज कुठेतरी वायरीच्या जुडग्यात लपलेला असतो. फक्त एकाच दारात आवाज नाही, तर त्या दाराकडे जा, बाकी काही उघडू नका. आवाज येतो पण नॉब हलत नाही, तर काम विजेचं नाहीच, रॉडचं आहे. मोटर नुसती गुणगुणते, तर आतले प्लॅस्टिकचे दाते गेलेत. ती मोटर बदलायची, दुरुस्तीच्या नादी लागू नये.

आणखी एक फुकटची चाचणी आहे. चालकाच्या दारात पाच वायरींची मोटर असते, बाकीच्या दारांत दोन वायरींची. पाचातल्या दोन मोटर फिरवतात, उरलेल्या तीन म्हणजे आतल्या स्विचच्या: एक कॉमन आणि दोन सिग्नल. चालकाचा नॉब हाताने किंवा किल्लीने फिरवला की हा स्विच बॉक्सला कळवतो आणि बाकी दारं मागोमाग बंद होतात. नॉबने सगळी दारं चालतात पण रिमोटने नाही, तर दोष रेडिओच्या, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरच्या बाजूला. रिमोटने चालतात पण नॉबने नाही, तर दोष त्या तीन वायरींत किंवा आतल्या स्विचमध्ये.

रिमोटची बाजू

हे लवकर उरकतं. सीआर२०३२ किंवा सीआर२०१६ सेल नवा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदला. जुन्या धाटणीच्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बारीक २७ए किंवा २३ए सेल असतो, तो ११ च्या खाली गेला की अंतर घटतं. रिमोटवरचा बारीक दिवा पेटतो म्हणजे सेल चांगला, असं समजू नका. दिव्याला फारसं काही लागत नाही, प्रक्षेपणाला लागतं.

सेल नवा असूनही गाडीला चिकटून उभं राहावं लागत असेल तर बॉक्समधून बाहेर आलेली एकटी वायर शोधा. ती अँटेना. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झच्या रिमोटसाठी तिची लांबी साधारण १७ सेंटिमीटर असते, आणि ती सरळ, मोकळी, पत्र्यापासून दूर हवी. बसवणाऱ्याने ती बाकी वायरींबरोबर टेपने गुंडाळलेली असते किंवा 'जास्तीची' म्हणून कापलेली असते. तीही नीट असेल तर सिगारेट सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहा. हलक्या प्रतीचा चार्जर रिसीव्हरच्या कानाशी सतत खरखर करतो आणि रिमोटचा आवाज त्यात बुडतो.

बॉक्सला रिमोट पुन्हा शिकवण्याची, म्हणजे त्याची ओळख करून देण्याची, पद्धत प्रत्येक बॉक्सची वेगळी असते, ती माहितीपत्रकात पाहा. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की अनेक बॉक्समध्ये मोजक्याच रिमोटांची जागा असते. नवा शिकवला की सगळ्यात जुना गळतो. रोलिंग कोडचा, म्हणजे दर दाबाला नवा कोड पाठवणारा, रिमोट खिशात किंवा मुलांच्या हातात पुष्कळदा दाबला गेला तर त्याची मोजणी बॉक्सच्या पुढे निघून जाते. एचसीएस३०१ जातीच्या चिपमध्ये १६ दाबांपर्यंतचा फरक रिसीव्हर चालवून घेतो, त्याहून जास्त झाला तर लागोपाठ दोनदा दाबल्यावर जुळवून घेतो. त्यामुळे 'पहिल्यांदा चालत नाही, दुसऱ्यांदा चालतं' हे एकदा घडलं तर दोष नाही. रोज घडलं तर सेल किंवा बटण पाहा.

पुरवठा आणि अर्थ

आधी गाडीची बॅटरी. स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. इंजिन चालू असताना नॉब दाबला तर सगळी दारं चालतात आणि सकाळी थंड गाडीत आळसावतात, असं असेल तर बॅटरी किंवा अर्थ, दोघांपैकी एक.

अर्थवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एक मोटर शेवटाला अडली की ३ ते ५ अँपिअर ओढते. चार मोटर एकदम म्हणजे क्षणभर १२ ते २० अँपिअर. हा सगळा प्रवाह एका काळ्या वायरीतून परत येतो. ती वायर डॅशखालच्या रंग दिलेल्या ब्रॅकेटला, प्लॅस्टिकमध्ये घुसलेल्या स्क्रूला किंवा स्टिरिओच्या अर्थला जोडलेली असेल, तर स्थिर स्थितीत मल्टिमीटर शून्य दाखवतो आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळी तिथे दोन-तीन व्होल्ट अडकतात. तेवढ्याने बॉक्सचा मेंदू गडबडतो: रिले अर्धवट ओढून सोडतो, टकटक आवाज येतो, कधी शिकवलेलाच रिमोट ओळखेनासा होतो.

तपासणी अशी. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण खुंटावर, दुसरी बॉक्सच्या काळ्या वायरीवर. रिमोट दाबताना किती व्होल्ट येतात ते पाहा. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थ नवी करा. धन बाजूलाही हेच करायचं, बॅटरीच्या धन खुंटापासून बॉक्सच्या लाल वायरीपर्यंत. लॉकचा झटका अर्ध्या-पाऊण सेकंदाचाच असतो, साधा मीटर तेवढ्यात स्थिरावत नाही. 'मॅक्स' नोंदवण्याची सोय असलेला मीटर घ्या. नवी अर्थ देताना बॉडीच्या जाड पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट कसा, वरून ग्रीस फासा.

वायर टोचून जोडणारे प्लॅस्टिकचे झटपट क्लिप दिसले तर त्यांना विनाचौकशी काढून टाका. त्यांचं पातं तांब्याच्या काही तारा कापतं, उरलेल्यांवर हिरवट गंज चढतो आणि दोष येऊन-जाऊन राहतो. पिळून टेप मारलेले जोडही त्याच लायकीचे. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि टेप सरकते.

बिजागरीजवळची वायर

दार आणि बॉडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायरी जातात आणि दार उघडलं-मिटलं की प्रत्येक वेळी वाकतात. गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, यासाठी बारीक तारांची लवचीक वायर असते. किटमधली वायर बहुधा जाड तारांची, कडक. शिवाय काही बसवणारे नळीतून वायर ओवण्याचा त्रास टाळून थेट पत्र्यातल्या भोकातून नेतात. चालकाचं दार सगळ्यात जास्त उघडतं, म्हणून वायर आधी तिथेच तुटते.

ओळखायची खूण सोपी आहे: दार उघडं असताना लॉक चालतं, मिटल्यावर नाही, किंवा याच्या उलट. दार हळूहळू हलवत असताना दुसऱ्याने रिमोट दाबत राहावा. ज्या कोनात चालणं थांबतं तिथे तुटलेली टोकं वेगळी होत असतात. मग नळी खांबाच्या बाजूने सोडवा, मागे सरकवा आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. तांबं आत तुटलेलं असेल तर नुसतं आवरण रबरासारखं लांबतं.

इथे वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर भरवसा ठेवू नका. वीसपैकी एक तार शाबूत असली तरी बीप वाजते, पण त्या एका तारेतून ४ अँपिअर जात नाहीत. दाराच्या आतल्या कनेक्टरवर, मोटरच्या जागी, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि रिमोट दाबा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. क्षणभर लख्ख पेटला तर वायर चांगली. लालसर मिणमिणला तर वायर किंवा जोड खराब. हा बल्ब फक्त मोटरच्या वायरींवरच वापरा. गाडीच्या कंपनीने दिलेल्या इलेक्ट्रॉनिक वायरींना तो लावला तर आतला ट्रान्झिस्टर उडू शकतो. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरींना काहीच लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

तुटलेली वायर नळीच्या आतच जोडून काम संपवण्याचा मोह होतो. सोल्डर केलेला जोड कडक असतो, त्याच्या शेजारीच वायर पुन्हा तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागात बारीक तारांची नवी लवचीक वायर घाला, मोटरसाठी १ चौरस मिलीमीटर, सिग्नलसाठी ०.५, आणि तिचे दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक खांबाच्या आत आणि एक दाराच्या आत, गरम केल्यावर आवळणाऱ्या हीट-श्रिंक स्लीव्हखाली घ्या. दार पूर्ण उघडूनही वायर ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवा.

लॉक होतं, अनलॉक होत नाही

हा दोष मला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण तो एका जागेवर दिसतो आणि दुसऱ्या जागेवर असतो.

दोन वायरींची मोटर उलटसुलट प्रवाहावर चालते. वायरी बहुधा निळी आणि हिरवी. विश्रांतीत दोन्ही वायरी बॉक्समधल्या रिलेंमार्फत अर्थला टेकलेल्या असतात. लॉकच्या वेळी एक रिले आपली वायर अर्थवरून उचलून १२ व्होल्टवर नेतो. दुसरा रिले हलत नाही, त्याच्या विश्रांतीतल्या संपर्कातूनच प्रवाह अर्थला परत जातो. अनलॉकच्या वेळी भूमिका बदलतात. म्हणजे प्रत्येक हालचालीत दोन्ही रिले सामील असतात, एक काम करून आणि एक स्वस्थ बसून. त्यामुळे अनलॉक होत नसेल तर अनलॉकचा रिले बाद असेल, किंवा लॉकच्या रिलेचा विश्रांतीतला संपर्क काजळलेला असेल.

कोणता ते असं ठरवा. बॉक्सकडच्या टोकाला, मोटर जोडलेली ठेवून, अनलॉक दाबताना दोन्ही वायरींचे व्होल्ट बॉडीच्या तुलनेत मोजा. दोन्ही शून्य, तर अनलॉकचा रिले १२ व्होल्ट देतच नाही. दोन्ही वायरींवर १२, तर वीज मोटरमधून पलीकडे पोचतेय पण परतीची वाट बंद आहे. म्हणजे लॉकच्या रिलेचा तो संपर्क किंवा त्याला मिळणारी अर्थ गेली. एकीवर १२ आणि दुसरीवर शून्य, तर बॉक्स निर्दोष, दाराकडे जा.

चार मोटर एका बॉक्सवर असतील आणि रिलेचे संपर्क वारंवार जळत असतील, तर दोन बाहेरचे ३० अँपिअरचे पाच पिनी रिले लावा आणि बॉक्सच्या छोट्या रिलेंना फक्त त्यांची कॉइल ओढायचं काम द्या. मोटरचा पुरवठा वेगळ्या २० अँपिअर फ्यूजमधून, त्याला साजेशा जाड वायरीने घ्या. फ्यूज उडतो म्हणून नुसता मोठा फ्यूज टाकू नका. किटची बारीक वायरच मग फ्यूजचं काम करते, आणि ती डोअर पॅडच्या आत जळते.

एकच दार बाकीच्यांच्या उलट वागतं, म्हणजे सगळी बंद होताना ते उघडतं, तर त्या दारातल्या निळ्या-हिरव्या वायरींची अदलाबदल करा. रंगांवर विसंबू नका, रॉड कुठे सरकतो ते पाहा.

भुताचं लॉक

मध्येच आपोआप लॉक, किंवा लॉक-अनलॉक-लॉक असा न थांबणारा खेळ. याचं मूळ बहुधा चालकाच्या पाच वायरींच्या मोटरमध्ये असतं. बॉक्सला सिग्नल मिळतो तो अर्थच्या स्पर्शाने. म्हणजे पांढरी किंवा तपकिरी सिग्नल वायर कुठेही घासून पत्र्याला टेकली की बॉक्सच्या लेखी तो हुकूमच. पावसात गाडी धुतल्यासारखी भिजली आणि स्विचमध्ये पाणी गेलं तरी तेच. नव्या जोडणीत मात्र कारण वेगळं: दोन सिग्नल वायरी एकमेकींच्या जागी लागल्या असतील तर मोटर लॉक करते, स्विच 'अनलॉक' सांगतो, बॉक्स अनलॉक करतो, स्विच 'लॉक' सांगतो. दोन वायरींची अदलाबदल केली की खेळ थांबतो.

शोधण्यासाठी बॉक्सकडून दोन्ही सिग्नल वायरी काढून टाका. भूत गेलं तर ते दारात होतं. राहिलं तर सगळ्या रिमोटांचे सेल काढून पाहा. दाबून अडकलेलं बटण निघतं.

दोन गोष्टी भुतासारख्या दिसतात पण सोयी असतात. अनलॉक करून दार उघडलं नाही तर अनेक बॉक्स साधारण ३० सेकंदांनी पुन्हा लॉक करतात. आणि लॉक करताक्षणी अनलॉक होत असेल तर बॉक्सला एखादं दार उघडं वाटतंय: दाराच्या दिव्याचा स्विच गंजलाय, किंवा ती वायर चुकीच्या जागी जोडली आहे.

रॉड, क्लॅम्प आणि मोटरचा कोन

मोटरचा रॉड साधारण दोन सेंटिमीटरच सरकतो. मूळ लॉकचा रॉड ज्या रेषेत हलतो त्याच रेषेत मोटर ढकलायला हवी. कोन तिरका असेल तर ताकदीचा मोठा हिस्सा रॉड वाकवण्यात जातो. आधी मोटरचा रॉड सोडवून मूळ रॉड एका बोटाने हलवा. तो जड असेल तर दोष लॅचचा, म्हणजे दार पकडणाऱ्या कुलुपाचा; जुनं वाळलेलं ग्रीस स्प्रेने धुऊन पांढरं लिथियम ग्रीस लावा. मग मोटर तिच्या चालीच्या मध्यावर आणि नॉब त्याच्या चालीच्या मध्यावर ठेवून क्लॅम्प कसा. एका टोकाला जोडलं तर एका दिशेला चाल अपुरी पडते आणि 'नॉब अर्धाच उतरतो' ही तक्रार येते. क्लॅम्पचा स्क्रू घसरत असेल तर त्या जागी रॉडला कानशीने बारीक खाच पाडा.

चाचणीच्या भरात रिमोट वीस वेळा दाबला आणि मोटर मेली, असं वाटलं तर दहा मिनिटं थांबा. अनेक मोटरमध्ये तापल्यावर प्रवाह तोडणारा छोटा संरक्षक घटक असतो. थंड झाला की मोटर पुन्हा जिवंत होते.

मोटर बसवताना वायरीचं तोंड खाली ठेवा. वर ठेवलं तर काचेवरून झिरपणारं पाणी सरळ आत उतरतं.

गाडीला मूळचं सेंट्रल लॉक असेल तर

इथे किटच्या मोटर लागत नाहीत, बॉक्स फक्त गाडीच्या लॉक-स्विचची नक्कल करतो. पण ती नक्कल कोणत्या प्रकारची, हे मोजल्याशिवाय जोडू नका. स्विच दाबल्यावर वायर शून्यावर येत असेल तर ऋण झटका हवा. १२ वर जात असेल तर धन. अधलंमधलं काही येत असेल, जसं एकाच वायरीवर लॉकला एक व्होल्टेज आणि अनलॉकला दुसरं, तर स्विचमध्ये रेझिस्टर आहेत आणि बॉक्सचा झटकाही तेवढ्याच किमतीच्या रेझिस्टरमधून द्यावा लागेल. ऋण झटक्याच्या वायरीवर १२ व्होल्ट दिले तर बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉक वगैरे सांभाळणारा गाडीचा मूळ इलेक्ट्रॉनिक बॉक्स, जाऊ शकतं, आणि त्यापुढे किटचा खर्च खिजगणतीतही राहत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या सेंट्रल लॉकला अर्ध्या सेकंदाचा झटका पुरत नाही, साडेतीन-चार सेकंद लागतात. त्यासाठी बॉक्सवर जंपर किंवा कापायची वायर दिलेली असते.

बॅटरी रात्रीतून उतरते

मीटर बॅटरीच्या ऋण वायरीत मालिकेत (खुंट आणि वायर यांच्या मध्ये) लावा, गाडी लॉक करा आणि पाऊण-एक तास झोपू द्या. मीटर लावलेला असताना इंजिन चालू करू नका. पूर्ण गाडीचा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. मग किटचा फ्यूज काढा आणि आकडा किती उतरतो ते पाहा. १०-२० उतरला तर ठीक. १००-१५० उतरला तर किटमध्ये काहीतरी कायम प्रवाह ओढतंय. १०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी नऊ-दहा दिवसांत अर्धी होते. एका रात्रीत उतरत असेल तर गुन्हेगार किट नाही, दुसरीकडे शोधा.

डोअर पॅड परत लावण्याआधी काच पूर्ण वर-खाली करून ती मोटरला किंवा वायरीला घासत नाही ना ते पाहा. मग दार उघडं आणि मिटलेलं, इंजिन बंद असताना रिमोटने आणि चालू असताना नॉबने, अशा प्रत्येक अवस्थेत दहा-दहा वेळा लॉक चालवा, मध्ये थोडी उसंत देऊन. आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल तर ब्युटाइल टेपने पुन्हा चिकटवा. तो धुळीसाठी नसतो. दारात शिरलेलं पाणी पॅडकडे न येता खालच्या भोकांतून बाहेर जावं म्हणून असतो, आणि ती भोकं तुंबलेली असतील तर आत्ताच तारेने मोकळी करून घ्या.